एकाच खुंट्याच्या दोन दोऱ्या

वाऱ्याला दोष दिलेला वन्संना चालत नसे. पतंग गिरकी घेऊन जमिनीवर आपटला आणि उडवणारा म्हणाला, "आज वाराच नीट नाही," की त्या माळाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायच्या, "वारा मागच्या हजार वर्षांपासून नीट हाय. तुझ्या दोऱ्या बघ आधी!"

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. खालापूरकडच्या एका शाळेत त्या मुलांना पीटी शिकवायच्या. लग्न केलं नाही. कळंबला, आमच्याच घरात राहायच्या. एकदा शाळेची सहल समुद्रावर गेली होती, तिथे कुणीतरी दोन दोऱ्यांचा पतंग उडवताना त्यांनी पाहिला आणि पुढच्या महिन्यात तसाच मागवून घेतला. संक्रांतीचा कागदी पतंग नव्हे. हा कापडाचा, आत काड्या घातलेला, माणसाच्या दोन हातांएवढा रुंद. प्रत्येक हातात एक दोरी. उजवी ओढली की उजवीकडे वळतो, डावी ओढली की डावीकडे. दोन्ही सारख्या धरल्या की बाणासारखा सरळ वर. अट एकच, दोन्ही दोऱ्या लांबीला तंतोतंत सारख्या हव्यात. एक जरा आखूड असली की पतंग त्या बाजूला फिरत राहतो आणि शेवटी जमिनीत घुसतो.

घरामागच्या माळावर पूर्वी बैल बांधायचा एक लाकडी खुंटा होता. बैल गेले, खुंटा राहिला. भातकापणी झाली की वन्सं दर रविवारी त्या खुंट्याला दोन्ही दोऱ्यांची टोकं अडकवायच्या, दोऱ्या पूर्ण उलगडत माळाच्या कडेपर्यंत चालत जायच्या आणि तिथून मला हाक मारायच्या. मी हातातली भाकरी टाकून जायचे. दुसरी दोन टोकं एकत्र धरून मागे रेलायचं, अंगातला सगळा जोर लावून. मी म्हणायचे, "वन्सं, सारख्याच दिसतायत की."

"सैल सोडल्या तर सगळ्याच सारख्या दिसतात गं. आधी ताण, मंग बोल."

ताणलं की फरक दिसायचा. कधी बोटभर, कधी नखाएवढा. नखाएवढा असला तरी त्या लांब दोरीची गाठ दातांनी सोडायच्या, सरकवून परत मारायच्या आणि परत ताणायला लावायच्या. माझे तळवे लाल व्हायचे. चुलीवर काय करपतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

दोऱ्या एकदा सारख्या केल्या म्हणजे काम संपलं, असंही नाही. वापरता वापरता त्या वाढतात, आणि एकसारख्या वाढत नाहीत. ज्या हाताने माणूस जास्त ओढतो त्या हाताची जास्त वाढते. म्हणून वन्सं या रविवारची डावी दोरी पुढच्या रविवारी उजवीकडे लावायच्या. माझ्या नवऱ्याला हे कधी पटलं नाही. तो एकाच हाताने हिसके द्यायचा आणि पतंग पडला की म्हणायचा, "ताई, तुझा पतंगच वाकडा हाय."

"पतंगानं काय केलं रं? तूच ओढून ओढून एक दोरी लांब केलीस. आता भोग."

दोघं भांडायचे आणि एका ताटात जेवायचे. मला त्याचं कौतुक वाटायचं. आता नाही वाटत.

शेजारच्या रिसॉर्टवाल्यांना आमचा माळ हवा झाला. जमीन सामाईक, त्यामुळे वन्संची सही लागणार. माझा नवरा आणि धाकटे दीर एका सकाळी त्यांना गाडीत घालून कर्जतला घेऊन गेले. हक्कसोड पत्र. बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडायचा, भावांनी साडी नेसवायची, आणि सगळ्यांनी मिळून त्याला प्रेम म्हणायचं. आमच्याकडे हे इतकं चालतं की कुणी विचारतही नाही. वन्सं दुपारी परत आल्या त्या नवी साडी पिशवीत घेऊन.

मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"सही केलीत?"

"केली."

"नखाएवढा फरक खपत नाही तुम्हाला. आणि इथे आख्खी दोरीच सोडून दिलीत?"

"दोरी निराळी, भाऊ निराळे. भावांना कोण ताणतं गं?"

"मग फरक कळणार कसा? ताणल्याशिवाय कळत नाही, असं तुम्हीच शिकवलंत ना मला?"

 शाळेत शेकडो पोरांना रांगेत उभं करणारी बाई, पण माझी नजर चुकवून तिने साडीची पिशवी फळीवर सरकवली.

"चहा ठेव," त्या म्हणाल्या.

मी ठेवला. साखर घालायची विसरले. त्यांनी तसाच प्यायला.

वर्षभरात माळाला भिंत आली. आत हिरवळ आली, दिवे आले. खुंटा कुणीतरी उपटून शेकोटीत घातला. एका रविवारी वन्सं पतंग घेऊन फाटकाशी गेल्या. रखवालदार खालापूरकडचा, त्यांच्या हाताखाली शिकलेला. मान खाली घालून म्हणाला, "बाई, आत फक्त गेस्ट लोकांना सोडतात." त्याच्यावर त्या चिडल्या नाहीत. कुणावरच चिडल्या नाहीत. वाऱ्याची बाजू घेऊन माळभर ओरडणारी बाई गप्प घरी आली आणि तिने पतंग पोटमाळ्यावर टाकला. मला सगळ्यात जास्त राग त्या गप्प बसण्याचाच आला. नवऱ्याचा आला, दिरांचा आला, पण त्यांच्याकडून मी वेगळी अपेक्षा तरी कुठे केली होती?

पुढे त्या शाळेजवळ खोली घेऊन राहिल्या. जाताना पतंगाची पिशवी तेवढी पोटमाळ्यावरून काढून नेली. "ताईच गेली, आम्ही नाय घालवली," असं माझा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. दोन पावसाळ्यांनंतर साध्या तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. दहाव्याला भाऊ खूप रडले. खोली आवरायला मी गेले. पतंगाची पिशवी कुणाला नकोच होती, ती मी आणली.

गेल्या माघात माझे भाऊ आले, कुंभिवलीहून. हायवेलगतच्या माझ्या माहेरच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं. मी घराशेजारच्या शेतात होते. कापलेल्या भाताच्या खुंटांमध्ये एक लोखंडी मेख ठोकून वन्संच्या दोऱ्या ताणत होते. आल्या आल्या थोरला म्हणाला, "चल गं, गाडी आणलेय. खालापूरला जाऊन दुपारपर्यंत परत येऊ. वहिनीनं तुला साडी पाठवलेय बघ, तुझ्या आवडीचा रंग."

"साडी ठेव. सही करणार नाही."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याला कळलं.

"कोणी शिकवलं तुला हे? आपल्यात कुठली बहीण असं करते? माहेर नको झालं काय तुला?"

"माहेर हवंय. माझा वाटाही हवाय. तुमच्याएवढाच, कमी नको आणि जास्तही नको."

धाकटा साडी उचलून गाडीत बसला. थोरला जाताना गाडीचं दार इतक्या जोरात आपटून गेला की बांधावरचे बगळे उडाले. तेव्हापासून फोन नाही. भाऊबीजेलाही आले नाहीत. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सही केली असती तर जे वाटलं असतं त्यापेक्षा कमीच.

नवरा ओट्यावरून सगळं बघत होता. मी दोऱ्या गुंडाळून आत आले तेव्हा म्हणाला, "ताई असती तर तुला चार शब्द समजावून सांगितले असते तिनं."

"असत्या तर मीच त्यांना सांगितलं असतं," मी म्हटलं, "वन्सं, मी ताणून बघितलं, आज चहा तुम्ही ठेवा."