आबांची लाल गाडी आणि मीटरचा फोटो

गॅरेजमध्ये दोन गोष्टी न मागता साठतात: जळकं ऑइल आणि किस्से. ऑइल न्यायला भंगारवाला तरी येतो, किस्से मात्र आपल्याच डोक्यात राहतात. माझ्या नगरच्या गॅरेजमधले निम्मे किस्से श्रीगोंद्याच्या आबांचे.

ऊस झकास गेला त्या वर्षी आबांनी पुण्याहून लाल स्पोर्ट्स कार आणली. सेकंडहँड, दोनच सीट. गावातल्या पहिल्याच स्पीडब्रेकरला तिचं पोट घासलं आणि आबांचं काळीजही! तेव्हापासून गाडी शेडात, कुलपात. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या पूजेआधी, माझ्याकडे सर्व्हिसिंगला येते. सोबत आबांचा संशयही येतो.

*

पहिल्याच वर्षी मी म्हणालो, "आबा, ऑइल बदलावं लागेल."

आबांनी डोळे बारीक केले. "गाडी पळालीच न्हाई, मग ऑइल खराब कसं झालं? मला येडा समजता का मेस्त्री?"

"आबा, गोडेतेल वर्षभर डब्यात ठेवलं तर खवट होतं ना?"

आबा विचारात पडले. मग म्हणाले, "आमच्यात तेल वर्षभर टिकतच न्हाई. दुसरं उदाहरण सांगा!"

*

पुढच्या वर्षी बॉनेट उघडलं, तर आत सगळीकडे कुंकू! बॅटरीला, बेल्टला, एअर फिल्टरला. आमचा मेकॅनिक दत्तू भाविक माणूस. त्याला वाटलं, आबांनी पूजा आधीच उरकली. त्याने नवा फिल्टर बसवला आणि श्रद्धेने त्यालाही कुंकू लावलं.

आबा आले, बघितलं आणि खेकसले, "जुनाच फिल्टर ठिवला! पूजा कसली? खूण केल्ती मी, तुमी माल बदलता का न्हाई ते कळाया!"

झालं! दोन्ही फिल्टर समोर ठेवून शपथा घेण्यात आमची दुपार गेली.

*

एकदा वायरी कुरतडलेल्या निघाल्या आणि फिल्टरच्या डब्यात भुईमुगाची टरफलं.

"आबा, शेडात उंदीर झालेत."

"आमच्या शेडात उंदीर न्हाई. तुमीच सोडला असंल!"

रुमालात टरफलं बांधून ते श्रीगोंद्याला गेले. दुसऱ्या दिवशी फोन आला. "मेस्त्री, शेंगा आमच्याच हायत. पण उंदीर तुमचाच!"

*

इथपर्यंत हसू यायचं. गेल्या वर्षी मात्र जिव्हारी लागलं.

गाडी घरी नेताना आबा मोबाईलवर मीटरचा फोटो काढून ठेवतात. गेल्या वर्षी सर्व्हिसिंग झाल्यावर त्यांनी आदल्या वर्षीचा फोटो ताडून पाहिला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत ओरडले, "घरी शेडला कुलूप, किल्ली कारभारणीच्या कमरेला. मग गाडी एवढी फिरली कुठं? मेस्त्री बायकापोरं घेऊन नेवाशाला जाऊन आला असंल!"

दोन सीटच्या गाडीत आम्ही पाच जण मावलो कसे, हे कुणी विचारलं नाही! एका जुन्या गिऱ्हाइकाने तर आणलेली गाडी तशीच परत नेली. मला फार लागलं ते. गॅरेजवाल्याचं नाव एकदा गेलं की गेलं.

*

म्हणून यंदा मी ठरवलं, पान्याला हात लावायच्या आधी मीटर! टपरीवरची मंडळीही मुद्दाम बोलावून ठेवली. आबांसोबत या वेळी काकू, म्हणजे त्यांच्या कारभारीण, होत्या, दसऱ्याची खरेदी करायला आलेल्या. मी गाडी फाटकातच अडवली.

"आबा, चाक आत यायच्या आधी मोबाईलवर गेल्या वर्षीचा फोटो उघडा."

आबांनी फोटो बघितला, मीटर बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. नगर-श्रीगोंदा जाणं-येणं वजा केलं तरी आकडा कितीतरी पुढे होता.

"शेडला तर कुलूप हुतं..." आबा पुटपुटले. "मग चालवली कुनी?"

काकू पिशवी सावरत गाडीतून उतरल्या, पदर नीट केला आणि मला म्हणाल्या,

"मेस्त्री, शंभरच्या पुढं गेली की ष्टेरिंग लई थरथरतं. तेवढं बघा."