निळ्या दिव्याखालची हळद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढ्या एका गोष्टीवरून झरकन पुढे जाते. मला बोलायची सवयच कमी. चौथीपर्यंत शिकले, लिहिता येतं – म्हणून लिहिते आहे. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. बरंच आहे. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ उचलली नसती.

पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. सांगलीत एका प्रयोगशाळेत मी कामाला होते. काचेची भांडी धुवायची आणि पांढरे उंदीर सांभाळायचे, एवढंच काम. माझं माहेर माणदेशात. बापाच्या मेंढरांमागं वाढले. जनावराची घाण काढायला मला किळस नव्हती. तिथं शोध लावायला बसलेल्या सुनंदा मॅडमना त्याचंच कौतुक. "आमच्या शिकलेल्या मुली उंदीर बघून स्टुलावर चढतात," त्या म्हणायच्या, "आणि तुम्ही त्यांना जावयासारखं जेवू घालता, कमळाबाई!"

त्या काय शोधत होत्या, ते त्यांनीच मला समजावलं होतं. त्यांची थोरली बहीण आष्ट्याला दिली होती. तिच्या छातीत गाठ झाली. दिसली तेव्हा उशीर झाला होता. गाठ हरभऱ्याएवढी असतानाच दिसायला हवी – मॅडमच्या डोक्यात तेवढंच. म्हणून त्या फार बारीक कण बनवायच्या, डोळ्यांना दिसणारच नाहीत इतके बारीक. त्या कणांना चमकणारा रंग चिकटवायचा, कण मुद्दाम गाठ वाढवलेल्या उंदराच्या रक्तात सोडायचे. कण कॅन्सरच्या गाठीला जाऊन चिकटले, की निळ्या दिव्याखाली ती गाठ पिवळट हिरवी चमकेल. कण मॅडम करायच्या. रंग माने सर करायचे – शेजारच्या टेबलावरचे, मॅडमचे कॉलेजपासूनचे मित्र. दोन वर्षं दोघं राबत होती. गाठ काही चमकत नव्हती.

मी त्यांचंच सांगत बसले आहे ना? – कळतंय मला. माझ्यावर यायचं टाळते आहे.

रविवारी मॅडम नसायच्या. दाणापाणी घालायला मी एकटी जायची. एका रविवारी पाहिलं, पहिल्या पिंजऱ्यातल्या, कण टोचलेल्या तीन उंदरांच्या गाठी फुटून चिघळल्या होत्या. मॅडमचा नियम होता – दाणापाण्याशिवाय उंदरांना काही द्यायचं नाही, काही लावायचं नाही. मला तो पाठ होता. पण ती जनावरं कोपऱ्यात अंग आकसून बसली होती. आमच्याकडे मेंढराला जखम झाली की काय लावतात? माणसाला तरी काय लावतात? मी घरी जाऊन हळद आणली, पाण्यात कालवली आणि बोटानं हलकेच लावली. दुसऱ्या पिंजऱ्यात मॅडम ताडून बघायला नुसतंच पाणी टोचलेले उंदीर ठेवायच्या. त्यांच्या गाठी फुटल्या नव्हत्या, म्हणून त्यांना लावली नाही. ओळखीसाठी सगळ्यांच्याच अंगावर पिवळ्या रंगाच्या खुणा असत. त्यात हळद कुणाच्या नजरेत भरली नाही.

सोमवारी मॅडमनी त्या तिघांना काळ्या पेटीत निळ्या दिव्याखाली धरलं – आणि ओरडल्या. गाठी चमकत होत्या! माने सर धावत आले. मॅडमनी मलाही पेटीत बघायला लावलं, सगळ्यांदेखत मिठी मारली. "कमळाबाईंच्या हाताला गुण आहे हो!" मी लाजून भांड्यांकडे पळाले. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. एवढं मात्र खरं आहे. पण तेवढंच.

पुढचे काही रविवार मी हळद लावत राहिले. गाठी चमकत राहिल्या. मॅडमनी फोटो जोडून परदेशी मासिकाला लेख पाठवला, तो छापूनही आला.

मग एका दुपारी पेटी पुसताना दिवा चालूच राहिला होता. सकाळी घरी हळद-मोहरी कालवून लोणचं घातलं होतं मी. माझी बोटं दिव्याखाली गेली, आणि तीच चमक – तोच पिवळट हिरवा रंग – माझ्या नखांच्या कडांना. मी हात मागे घेतला. पुन्हा घातला. पुन्हा तेच.

त्या दुपारी मॅडम दहा पावलांवर बसल्या होत्या. दहा पावलं. मी फडकं पिळलं, वाळत घातलं आणि घरी गेले.

हळद लावणं बंद केलं मी. सांगितलं मात्र नाही. तुम्हीच बघा, यातलं वाईट कुठलं? पुण्याहून मोठी माणसं बघायला आली, तेव्हा एकही गाठ चमकली नाही. पाहुण्यांपैकी एक जण हसून म्हणाला, "बाई, फोटोत बरी चमकते हो तुमची गाठ!" मॅडम उभ्या जागी पांढऱ्या पडल्या. मग महिनोन्‌महिने तेच. लेख मागे घ्यावा लागला. बाई खोटारडी आहे, असं लोक उघड बोलू लागले.

एकदाच त्यांनी मला विचारलं. माझ्या हातात त्यांचा चहा होता.

"कमळाबाई, रागावणार नाही मी. उंदरांना कधी काही लावलंत का?"

"न्हाई मॅडम. तुमी सांगितलंय तवापास्नं कशालाच हात लावला न्हाई. लेकीची आन."

मी लेकीची शपथ घेतली. आणि त्यांनी लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवला, जणू विचारलं हीच त्यांची चूक. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे मानेनंच रंग बदलला. पहिला रंग चांगला होता, मग माझं नाव झालेलं त्याला बघवलं नाही. आपल्याच माणसानं दगा दिला हो मला."

हे त्या मला सांगत होत्या. मला! मी चहा पुढे केला. वर म्हणाले, "कुणाचं काय सांगावं, मॅडम."

त्यानंतर त्या दोघांचं बोलणं तुटलं. माने सर एकदा भांडी धुवायच्या मोरीपाशी येऊन उभे राहिले. "सुनंदाला माझ्याबद्दल कुणी काही सांगितलंय का हो?" त्यांचे डोळे लाल होते. मी मान हलवली आणि नळ मोठा सोडला.

मॅडम नोकरी सोडून साताऱ्याला कॉलेजात शिकवायला गेल्या. तो शोध त्यांनी पुन्हा धरला नाही. जाताना माझ्यासाठी प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली – ही बाई अत्यंत विश्वासू आहे, हिला कायम करावं. त्या चिठ्ठीवर मी कायम झाले. लेकीचं शिक्षण, घरावरचा पत्रा, सगळं त्यातूनच.

पहिल्या वेळी मला कळलं नव्हतं, हे मी मघाशी लिहिलं. ते खोडून टाकावंसं वाटतं. कारण निळ्या दिव्याखाली बोटं पाहिली त्या दुपारपासून मला सगळं कळत होतं, रोज.

उंदरांना हळद मी लावली. माने सरांनी रंग बदलला नव्हता. मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या.