शाळेचं चूलबंद आवतण

कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत भूकंपाचा धक्का बसला की आधी सगळ्या बायका दारात येतात, आणि मग धक्का खरंच बसला का, यावर गल्लीत वाद होतो. कोयना काही फार लांब नाही, त्यामुळे आम्हाला याची सवय आहे. त्या वर्षी गणपती गेल्यावर बसलेला धक्का मात्र जरा मोठा होता.

"माझी फळीवरची सगळी पातेली खाली आली की!" समोरच्या काकू म्हणाल्या.

"तुमची पातेली रोजच खाली येत्यात," वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, आणि गल्ली हसली. मी खिडकीतून ऐकत होते. मी बहुतेक गोष्टी खिडकीतूनच ऐकते.

ज्या कॉन्व्हेंटमध्ये मी शिकले, तिथेच आता दुसरीच्या वर्गाला शिकवते. दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं की सिस्टरांच्या शाहूवाडीकडच्या शाळेचं नुकसान झालंय. ती मराठी शाळा, डोंगरातल्या एका गावात. दोन भिंतींना तडे गेले होते आणि एका बाजूची कौलं खाली आली होती. धक्का बसला तेव्हा शाळा सुटलेली होती, त्यामुळे कुणाला काही लागलं नाही. मुलांचे वर्ग तात्पुरते देवळाच्या सभामंडपात आणि समाजमंदिरात भरू लागले, आणि सिस्टरांच्या वेगवेगळ्या घरांमधून, म्हणजे गोव्याहून, सोलापूरहून, एकेक दोन-दोन जणी मदतीला यायला लागल्या.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या सिस्टर म्हणतो, स्वतः निघाल्या. त्यांनी मला विचारलं, "तू येशील का? तू बोलत नाहीस, म्हणजे काम जास्त होईल." भाऊबीज झाली, आईनं चकल्यांचा डबा हातात दिला आणि मी गेले.

गावातली शाळा ज्या सिस्टर चालवायच्या, त्या मूळच्या केरळच्या. तरुणपणी इथं आल्या त्या इथल्याच झाल्या. मराठी त्या गावातच शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांना गावाचंच मराठी येत होतं. मला बघितल्या बघितल्या म्हणाल्या, "आलीस व्हय गं? जेवलीस का न्हाय?" पांढऱ्या झग्यातून असं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "माझं भोजन झालं आहे."

त्या हसल्या नाहीत. नुसतं बघून म्हणाल्या, "भोजन झालंय. बरं झालं."

त्या संध्याकाळी मला त्यांच्या कामाची पद्धत कळली. अशा वेळी सगळ्या सिस्टर एकत्र जमल्या की कामं वाटून दिली जात नाहीत. कामांच्या चिठ्ठ्या करतात, स्टीलच्या डब्यात टाकतात, प्रार्थना करतात आणि प्रत्येकजण एकेक उचलते. कोण मोठी, कोण लहान, हे डब्याला माहीत नसतं. आणि निघालेली चिठ्ठी बदलायची नाही, हा नियम.

मोठ्या सिस्टरांना स्वयंपाकघर आलं. त्यांनी आयुष्यभर शाळा चालवल्या होत्या. चहासुद्धा त्यांना कुणीतरी आणून द्यायचं. सगळ्याजणी तोंड दाबून हसू लागल्या. मग मी माझी चिठ्ठी उघडली. 'गावात निरोप देणे.'

मी मोठ्या सिस्टरांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आम्ही दोघी एकाच गोष्टीचा विचार करत होतो.

"न्हाय," गावातल्या सिस्टर म्हणाल्या. "बदलायची न्हाय."

पुढचे काही दिवस आम्ही करपलेली भाजी गोड मानून खाल्ली. भिंती जोडल्या गेल्या, नवी कौलं चढली, इंजिनिअर येऊन तपासून गेला. मला फारसे निरोप द्यावे लागले नाहीत, म्हणून मी खुशीत विटा उचलत होते. आणि जेवताना कानावर पडत होतं की काळजी वेगळीच आहे. तालुक्याच्या गावातल्या एका शाळेची बस आता गावाबाहेर तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यापर्यंत यायला लागली होती. काही आईबापांनी तिकडे चौकशी केली होती. संस्थेच्या मुख्य घरातल्या सिस्टरांनी स्पष्ट कळवलं होतं, की इमारत नीट करून बघा, पण नाताळपर्यंत मुलं परत आली नाहीत तर ही शाळा बंद करू. शाळा बंद झाली असती तर गावातल्या सिस्टरांना दुसरीकडे पाठवलं असतं, कदाचित दुसऱ्या राज्यात. हे त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. फक्त रोज सकाळी नव्या भिंतीवरून हात फिरवायच्या, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

बुडालेले दिवस भरून काढायला ही शाळा आमच्या शाळेच्या आधीच उघडणार होती. त्या दिवशी पहाटे कोल्हापूरहून फादर आले. आम्ही मोजक्याजणी हातात मेणबत्त्या घेऊन मागे चाललो, त्यांनी प्रत्येक खोलीत प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलं आणि चहा घेऊन ते परतही गेले. केलेलं काम मिरवायचं नाही, ही सिस्टरांची रीत. गाव जागं व्हायच्या आत सगळं आटोपलं होतं.

घंटा झाली. मुलं आली, आया आल्या, आणि सगळे फाटकाबाहेर थांबले. मुलं आत येईनात. एकाही आईनं पोराचा हात सोडला नाही.

पुढे उभ्या होत्या गावच्या दूध डेअरीवर माप घेणाऱ्या काकी. त्यांची दोन नातवंडं या शाळेत होती. त्यांनीच तोंड उघडलं.

"शिस्टर, वास्तुशांत केलीसा का?"

"केली की. फादर आलते, पानी शिंपडलं, समदं केलं."

"कवा?"

"आज पाटंचं."

"कुनी बगितलं?"

"देवानं बगितलं की!"

"देवाची पोरं हाईत व्हय शाळंत?" काकी म्हणाल्या. मागच्या बायका फिसकन हसल्या. "हलल्यालं घर हाय. चार मान्सं आत बसून जेवल्याबिगर पोरं कशी धाडायची? आमच्यात गोठा बांदला तरी जेवान घालत्यात."

सिस्टर त्या गावात इतकी वर्षं राहिल्या होत्या, प्रत्येकाच्या वास्तुशांतीला जेवल्या होत्या, बारशाला गेल्या होत्या. पण स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा त्या कॉन्व्हेंटच्या रीतीनं वागल्या. त्यांचा चेहरा असा झाला, की मला हसू आलं आणि मी पटकन खाली बघितलं.

"रविवारी या," त्या एकदम म्हणाल्या. "जेवान हाय."

"आवतन आलं तर येऊ," काकी म्हणाल्या आणि पोरांना घेऊन वळल्या.

आवतण म्हणजे आमंत्रण. ते घरोघर जाऊन, दारात उभं राहून, तोंडानं द्यायचं असतं. म्हणजे निरोप. म्हणजे मी.

मी रात्रीच वाक्य तयार करून ठेवलं. पहिल्याच घरी अंगणात भात वाळत घातला होता आणि एक आजोबा खाटेवर बसले होते. मी म्हणाले, "रविवारी दुपारी शाळेत भोजनाचा कार्यक्रम आयोजित केला आहे. आपण अवश्य उपस्थित राहावे."

आजोबांनी आत हाक मारली. "अगं, भाईर ये! ही पोरगी लग्नाच्या पत्रिकेवानी बोलतीया!"

सून बाहेर आली. तिनं मला नीट विचारलं, "एकाला हाय का चूलबंद?"

मला कळलं नाही. तिनं समजावलं. घरटी एका माणसाला बोलावतात ते वेगळं, आणि चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, लहानमोठे सगळ्यांनी यायचं. मी मनात घरं मोजायचा प्रयत्न केला, मग मोठ्या सिस्टरांची भाजी आठवली, आणि तरीही म्हणाले, "चूलबंद."

"मग असं म्हण की सरळ. भोजनाचा काय कार्यक्रम!"

तिसऱ्या-चौथ्या घरापासून माझं वाक्य लहान होत गेलं. शेवटी ते एवढंच उरलं, "रविवारी शाळेचं चूलबंद आवतण हाय." 'हाय' तोंडातून कधी गेलं, मला कळलं नाही. लोक नाव विचारायचे, मी नाव सांगायचे. आडनाव विचारायचे, मी कोल्हापूरची म्हणायचे. ही माझी जुनी सवय आहे.

गावाच्या खालच्या अंगाला बुद्धविहार आहे. तिथल्या एका ताईंनी मला पाणी दिलं आणि थेट विचारलं, "आमच्यातलीच हाईस का गं तू?"

शाळेत, कॉलेजात, नोकरीत मला हे लोकांनी शंभर तऱ्हांनी आडून विचारलंय. असं सरळ, पाण्याचा तांब्या हातात देऊन, कुणी विचारलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणाले.

"मग खरं सांग. पंगत एकच हाय, का आमची येगळी?"

"एकच," मी म्हणाले. आणि परत येताना घाबरले, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गावातल्या सिस्टर अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं.

"मग?" त्या म्हणाल्या. "दुसरी पंगत कशापायी?" आणि निवडणं चालू ठेवलं.

स्वयंपाकाची चिठ्ठी मोठ्या सिस्टरांची होती आणि नियम नियम होता. पण रविवारी सकाळीच डेअरीच्या काकी आणि खालच्या अंगाच्या ताई, दोघी पातेली घेऊन हजर झाल्या. काकींनी आमटीची चव घेतली.

"शिस्टर, तुमी फकस्त ढवळा. चिट्टी तुमची, मीठ आमचं."

मोठ्या सिस्टर, ज्यांच्या पावलांच्या आवाजानं आमचा वर्ग गप्प व्हायचा, मुकाट्यानं ढवळू लागल्या. दुपारपर्यंत भात, आमटी, वांग्याची भाजी आणि गव्हाची खीर तयार झाली. अख्खं गाव आलं. आणि पटांगणात सावली बघून बसलं.

वर्गांत आम्ही पट्ट्या अंथरल्या होत्या. चौथीच्या वर्गात ओळीनं पत्रावळ्याही मांडल्या होत्या. दारं उघडी होती. पण लोक बाहेरच बसले.

"हितं वारं चांगलं हाय," आजोबा म्हणाले. वारं अजिबात नव्हतं. सगळ्यांचं लक्ष कौलांकडे होतं.

गावातल्या सिस्टर वाढायचं भांडं घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा आत बघितलं, एकदा बाहेर. मी त्यांच्या शेजारी होते. लोक पटांगणात जेवून घरी गेले असते, तर जेवण झालं असतं आणि शाळा रिकामीच राहिली असती.

"काकी," त्या म्हणाल्या, "आत बसा की."

"तुमी बसा आदी. घर तुमचं. तुमीच आत जेवत न्हाईसा, तर आमी पोरं कशी बसवायची?"

आता हे बाहेरच्या माणसाला साधं वाटेल. पण सिस्टर कधी चारचौघांत जेवत नसत. त्यांचं जेवण कॉन्व्हेंटच्या आत, बंद दाराआड. मी बारा वर्षं त्यांच्या शाळेत शिकले, एका सिस्टरला साधं बिस्किट खाताना बघितलं नव्हतं. लहानपणी आमच्या वर्गात यावर चर्चा व्हायची. एका मुलीचं ठाम मत होतं की त्या जेवतच नाहीत.

गावातल्या सिस्टरांनी मोठ्या सिस्टरांकडे बघितलं. परवानगी त्यांनीच द्यायची होती. मोठ्या सिस्टरांच्या हातात अजून डाव होता, चष्म्यावर आमटीची वाफ होती. त्यांनी चष्मा पुसला, डाव माझ्या हातात दिला, झगा सावरला आणि चौथीच्या वर्गात जाऊन, नव्या भिंतीला पाठ टेकून, पट्टीवर मांडी घालून बसल्या. त्यांच्या शेजारी गावातल्या सिस्टर. मग बाकीच्या. पांढरी ओळ लागली.

"वाढ गं," मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या.

मी भात वाढला, आमटी वाढली. मोठ्या सिस्टरांनी भातात आळं केलं, कालवलं आणि पहिला घास तोंडात घातला. मग खिडकीच्या गजांमध्ये एक तोंड आलं. मग तीन. मग खिडकीत जागाच उरली नाही.

"शिस्टर जेवतीया!"

"ए, मला बगू दे की!"

"हातानंच जेवत्यात रं!"

"मग काय पायानं जेवू?" गावातल्या सिस्टर घास चावत म्हणाल्या. खिडकीतून नीट दिसेना, म्हणून दोन मुली दारातून आत शिरल्या. त्यांच्यामागून काकींची नातवंडं. मग लोंढाच आला. मुलं समोर उकिडवी बसून एकेका घासाकडे बघत होती. मोठ्या सिस्टरांनी खीर ओरपली, तसा वर्गभर हशा पिकला. एक मुलगी न राहवून म्हणाली, "आनि घ्या की, लाजू नगासा."

"तुझं ताट कुठं आहे?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं. "बस इथे."

मुलं बसली. मी पत्रावळ्या मांडत सुटले. पोरं आत आणि आपण बाहेर, हे आयांना किती वेळ सोसणार? काकी उठल्या, पदर खोचला, उंबऱ्यात थांबून एकदा वर बघितलं आणि आत येऊन खालच्या अंगाच्या ताईंच्या शेजारी बसल्या. शेवटी आजोबाही आले.

"भाईर वारं पडलं," ते म्हणाले.

त्या दिवशी पंगती संध्याकाळपर्यंत उठत होत्या. मी इतक्यांदा "आमटी हाय का? भात पायजे का?" म्हणून ओरडले, की घसा बसला. सोमवारी मला बोलताच येत नव्हतं, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

सोमवारी तिठ्यावर त्या तालुक्याच्या शाळेच्या बसनं बराच वेळ हॉर्न वाजवला. आम्हाला तो नीट ऐकू आला नाही. चौथीच्या वर्गात मुलं भांडत होती, कारण मोठ्या सिस्टर जिथे बसून जेवल्या, ती जागा प्रत्येकालाच हवी होती, आणि गावातल्या सिस्टर सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडत होत्या, "गप बसा की रं! भित हाय, पळून जात न्हाय!"