गजाल की जबाब?

अपघात झालेल्यांसाठी मी धावपळ करतो, म्हणून विमा कंपनीचा हा सर्व्हेअर मला सारखा भेटतो. माणूस गोड. चेपलेल्या पत्र्यावरून तो ताप पाहावा तसा हात फिरवतो, "अरेरे" म्हणतो आणि चहा घेतल्याशिवाय कामाला लागत नाही. बोलणं अस्सल मालवणी.

आमच्या काकांच्या गाडीला एका पर्यटक पोराने वळणावर चुकीच्या बाजूने येऊन ठोकलं. सर्व्हेअर आला, ओट्यावर टेकला. "काकानू, गजालीत इचारतंय, थोडा तुमचापण चुकला आसात मा?"

काका हसले. "आसात बाबा. तो पोरगो थरथरत होतो, सगळो दोष तेकाच कित्याक देवचो?"

त्याने पेन उघडलं आणि मालवणी बंद! "चालकाने आपलीही चूक मान्य केली," लिहिता लिहिता त्याने शुद्ध मराठीत वाचून दाखवलं. मी हबकलोच. या एका वाक्याने समोरच्याकडची भरपाई अर्धी होणार, उरलेला खर्च काकांच्याच विम्यावर पडणार, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी त्यांची सवलत गेली आणि पुढचा हप्ता वाढला.

"अहो, ती गजाल होती, नुसत्या गप्पा!" मी ओरडलो.

"आमच्याकडे त्याला जबाब म्हणतात."

काका त्याला अजून अर्धा कप चहाचा आग्रह करत होते. त्याने घेतलासुद्धा!

आता एसटी स्टँडवर दिसलो की तो प्रेमाने हाक मारतो, "खंय चल्लंस रे?"

मी शुद्ध मराठीत सांगतो, "मला काहीही सांगायचे नाही."