वर जाणारी काठी

नातीला सोडायला म्हणून शाळेच्या हॉलवर गेले आणि तिथेच बसून राहिले. त्रिनिदादहून आलेली एक नर्तिका मुलांना तिकडचा नाच शिकवत होती. दोघांनी काठी आडवी धरायची आणि बाकीच्यांनी मागे वाकून तिच्याखालून जायचं. मुलांनी हे वाढदिवसांना खेळलेलं होतं. त्यात काठी दर फेरीला खाली येते. हिने मात्र सुरुवातच गुडघ्यापाशी केली. मुलं धपाधप पडली, हसली. मग काठी वीतभर वर गेली.

"मिस, हे उलटं आहे," माझी नात म्हणाली.

"आमच्याकडे जुनी माणसं असंच करायची," ती म्हणाली. "कुणी गेलं की त्या घरी जमून हे नाचायचे. घरच्यांचं मन तेव्हा अगदी तळाला असतं ना, म्हणून तिथून सुरुवात. मग हळूहळू वर."

ह्यांना जाऊन चार महिने झाले होते. आमच्या घरी तेव्हा सगळे येऊन बसले, हळू आवाजात बोलले, आणि गेले. मी बसलेलीच राहिले. दुःखात बसायचं असतं एवढं मला माहीत होतं. उठायचं कसं, ते कुणी दाखवलं नव्हतं.

शेवटच्या फेरीला काठी मुलांच्या हातांपेक्षा उंच गेली, म्हणून तिने एक टोक स्वतः धरलं, दुसरं शाळेच्या बाईंना दिलं आणि मलाही खालून जायला बोलावलं. काठी माझ्या डोक्यावर चांगली हातभर होती. तरी मी मान खाली घालूनच गेले.

ती हसली नाही. मोकळ्या हाताच्या दोन बोटांनी तिने माझी हनुवटी वर केली, आणि मला पुन्हा रांगेत उभं केलं.