स्कूटरची बॅटरी आणि वीजचोरीचा ठपका

"पोलिसांत जात नाही, फक्त राजीनामा द्या," एचआर मॅनेजर सुनीताला म्हणाले. "तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"तिचं भलं तिला कळतं," मी म्हणाले. "चौकशी सुरू करा."

तळवड्यातल्या या कंपनीत गाड्यांचं वायरिंग बनतं. सुनीता मूळची बीडकडची, इथे लाइनवर पर्मनंट. मी युनियनची प्रतिनिधी. कामगारावर आरोप झाला की कंपनीतल्या कंपनीतच चौकशी बसते, तिला डोमेस्टिक एन्क्वायरी म्हणतात. आरोप कंपनीचा, ऐकणारा अधिकारीही कंपनीनेच नेमलेला. तिथे कामगाराच्या बाजूने भांडायला मी जाते.

कंपनीने दिलेल्या चार्जशीटमध्ये, म्हणजे आरोपपत्रात, आरोप होता वीजचोरीचा. सुनीताने जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली होती. शिफ्टला आली की तिची बॅटरी ती लॉकर रूममध्ये चार्जिंगला लावायची. बस, एवढंच.

आमच्या पट्ट्यात चोरीला नावं फार. कामगाराच्या डब्यात दोन क्लिपा सापडल्या की चोरी. वायरचं अख्खं बंडल साहेबांच्या डिकीतून गेलं की सॅम्पल. कामगार जरा लवकर निघाला तर वेळेची चोरी, त्याचा ओव्हरटाइम बुडवला तर सिस्टीम एरर. मला याची चीड येते. कारण हा शिक्का एकदा बसला की चाकण, महाळुंगे, कुठल्याच गेटवर उभं करत नाहीत. राजीनामा देऊनही सुटका नसते. एचआरवाले एकमेकांना फोन करतात.

कंपनीने साक्षीला गेटवरचे गार्ड दगडूमामा आणले. जुन्या गावातले. कंपनी उभी आहे ती जमीन कधीकाळी त्यांच्या भावकीची. बॅटरी मामांनी पकडली, असा रिपोर्ट एचआरने इंग्रजीत लिहून त्यावर त्यांची सही घेतली होती. नेमकं काय झालं, हे मामांना विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

मी विचारलं, "मामा, तुम्ही बॅटरी पकडलीत?"

"पकडायची कशाला? मीच म्हनलं तिला, हितं लाव. ह्या साहेबाची गाडी पार्किंगात दिसभर चार्जिंगला असती. त्यांचं चालतं, मग हिचं का न्हाई?"

मॅनेजर उसळले. "अधिकाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे!"

"तसा नियम दाखवा."

नियम नव्हताच. मॅनेजर मामांकडे वळले. "मामा, नोकरीचा विचार करून बोला."

"जमीन गेली तवा घाबरलो न्हाई. चोरी म्हनायची तर समद्यांची म्हना."

चौकशी अधिकाऱ्याने चहा मागवला. चहाबरोबर तडजोडही आली. 'चोरी'ऐवजी 'अनधिकृत वापर' लिहू, सुनीताने लेखी माफी मागावी. खरं सांगते, मला वाटलं घ्यावं. नोकरी वाचत होती.

सुनीता उठून उभी राहिली. "ताई, म्या लपून नाही लावली. समद्यांसमोर लावली. माफी कशाची मागू?"

मला माझीच लाज वाटली. मी मॅनेजरना म्हणाले, "मग अशीच चार्जशीट पार्किंगमध्ये चार्जिंग करणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला द्या. पहिली तुम्हाला."

त्याच आठवड्यात आरोप बिनशर्त मागे घेतला गेला. पाठोपाठ नोटीस लागली: आवारात कुणीही वाहन चार्ज करायचं नाही. मॅनेजर आता वाकडहून पेट्रोलच्या गाडीने येतात आणि मला बघून मान फिरवतात. फिरवू देत.

तेव्हापासून चार्जशीट घेऊन कुणी आलं की मी म्हणते, तू काय केलंस ते नंतर सांग. तेच आणखी कोण कोण करतं, ते आधी सांग.