सुनंदा सांगून गेली होती

बातमी आली तेव्हा सुनंदाची डबी माझ्या ओट्यावर पालथी घातलेली होती. आदल्याच आठवड्यात तिनं त्यातून कारळ्याची चटणी पाठवली होती. स्टीलची छोटी डबी, झाकणावर तिच्या आईचं नाव कोरलेलं. चटणी संपली होती आणि आता यातून काय पाठवावं, असा माझा विचार चालला होता. सुनंदाकडे डबी रिकामी परत गेली की ती दारातच डोळे वटारायची. तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा, प्रकाशरावांचा फोन आला. वर्गात शिकवता शिकवता तिला चक्कर आली, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर परदेशात मरण आलं की जे जे होतं ते सगळं झालं. इकाम्याची, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याची कागदपत्रं, कफीलची, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या मालकाची सही, या खिडकीवरून त्या खिडकीवर. शेवटी ती नाशिकला पोचली. मी इथेच, रियाधमध्ये राहिले. ओलायातल्या ऑफिसात रोज कॉम्प्युटरसमोर बसत होते आणि रडायचं तेवढं टॅक्सीत रडून घेत होते. तेव्हा दुःख होतं. आज लिहायला बसले आहे ती रागानं. ज्यांना हे वाचून वाईट वाटेल, त्यांना ते वाटावं म्हणूनच लिहिते आहे.

सुनंदा इथल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायची. आमची ओळख बत्हाच्या बाजारात झाली. एका भाजीवाल्याकडे कढीपत्त्याची शेवटची जुडी उरली होती आणि आम्ही दोघींनी ती एकदमच उचलली. तिनं निम्मी मोडून माझ्या पिशवीत टाकली आणि लगेच विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?" मी सातारची, ती नाशिकची. त्या दिवसापासून दर शुक्रवारी आमचा चहा ठरलेला, आणि चहाबरोबर इतिहास. सातव्या शतकात आपल्याकडे आलेला तो चिनी भिक्षू तिचा फार लाडका. आपल्या सगळ्यांनाच शाळेत तो दोन मार्कांपुरता भेटतो आणि आपण त्याला विसरून जातो. सुनंदा विसरली नव्हती. महाराष्ट्रातली माणसं कशी आहेत, उपकार कसे लक्षात ठेवतात, अपमान कसा गिळत नाहीत, आणि सूड घ्यायचा तर समोरच्याला आधी कळवून मगच घेतात, हे त्यानं लिहून ठेवलंय, असं ती मुलांना सांगायची. ती म्हणायची, "एवढ्या लांबून तो आपल्या घरी येऊन गेला. आपल्यातलं कोणी गेलं का त्याच्याकडे?"

म्हणून आमच्या मराठी मंडळाची मोठ्या ईदच्या सुटीतली सहल चीनला, शिआनला ठरली तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं. शिआन ही त्यांची जुनी राजधानी. भारतातून नेलेले ग्रंथ घेऊन तो भिक्षू तिथेच भाषांतराला बसला होता, आणि त्या ग्रंथांसाठी बांधलेला पॅगोडा अजून उभा आहे. प्रकाशरावांना साइटवरून सुटी मिळाली नाही, तर ही एकटी निघाली. पहिल्याच बैठकीत तिनं सहलीचे प्रमुख जयंतराव यांच्याकडून पॅगोड्याला एक पूर्ण दुपार कबूल करून घेतली.

आणि मग सुरू झाली आमची सहल! मातीच्या सैनिकांच्या म्युझियममध्ये, जिथे एका चेहऱ्यासारखा दुसरा चेहरा नाही, तिथे आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, सगळे सारखेच दिसतात, एक पाहिला की झालं. लगेच सगळे फोटो काढून बाहेर. सुनंदा कठड्याला धरून एकेकाचे केस कसे बांधलेत ते बघत होती, तर तिला हाका मारमारून बसमध्ये चढवलं. शहराच्या जुन्या कोटावर भाड्यानं सायकली मिळतात. कोटाची भिंत रस्त्याएवढी रुंद आहे. सुनंदानं सायकल घेतली, मीही घेतली, आणि ओढणी कमरेला खोचून ती जी सुटली... हसत होती, घंटी वाजवत होती. सौदीत आल्यापासून सायकलला पाय लागला नव्हता, म्हणाली. खाली बाकीची मंडळी फ्रीज मॅग्नेटचे भाव करत होती.

पॅगोड्याच्या दिवशी आधी भारतीय हॉटेलात जेवण होतं. पनीर यायला उशीर, मग रोट्या गार म्हणून परत पाठवल्या, मग कुणाला आइस्क्रीम हवं. जयंतरावांनी घड्याळ पाहिलं आणि सहज जाहीर केलं की पॅगोडा खलास, आता थेट मॉल. सुनंदा उठली. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होते, म्हणून शब्दन्‌शब्द सांगू शकते. ती त्यांच्यापाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जयंतराव, मी पॅगोडा बघायला चालले आहे. संध्याकाळच्या जेवणाला हॉटेलवर येते." त्यांनी बिलावरची नजर न काढता मान हलवली. मीही निघाले होते, पण कोटावर सायकलवरून पडून माझा गुडघा सुजला होता. तीच म्हणाली, तू बस, मला कुणी खात नाही.

मॉलच्या दारात डोकी मोजली आणि मग हाहाकार. मी सांगत होते, अहो, ती सांगून गेली आहे. पण ऐकतो कोण! गाइडला पळवलं, पोलिसांना कळवलं, रियाधला प्रकाशरावांना फोन लावून त्या बिचाऱ्याचा जीव टांगणीला लावला. संध्याकाळी सुनंदा ठरल्याप्रमाणे हॉटेलवर आली तेव्हा लॉबीत सगळे तिच्यावर तुटून पडले. ती एवढंच म्हणाली की मी सांगितलं होतं, आणि खोलीवर निघून गेली.

खोलीत मला तिनं हीच डबी दाखवली. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून ही बाई नाशिकच्या मनुका घेऊन गेली होती! पॅगोड्यासमोर त्या भिक्षूचा पुतळा आहे. त्याच्या पायाशी ठेवायला गेली तर रखवालदारानं हातानंच नको म्हटलं. मग ती आतल्या बागेत बाकावर बसली. शेजारी एक म्हातारी होती. भाषा एकमेकींची कळत नाही, तर सुनंदानं डबी पुढे केली. म्हातारीनं मनुका खाल्ल्या, उरलेल्या आपल्या पिशवीत ओतून घेतल्या आणि डबी परत देताना त्यात मूठभर सुकी लाल बोरं भरली. "अगं, रिकामी नाही दिली तिनं," सुनंदा मला पुन्हा पुन्हा सांगत होती. तिचे डोळे भरून आले होते. ती बोरं आम्ही दोघींनी तिथेच पलंगावर बसून खाल्ली.

त्या दिवसाचं मंडळात काय झालं? 'सुनंदाताई चीनमध्ये हरवल्या.' गणपतीत, कोजागिरीला, प्रत्येक जमण्यात तोच विनोद. ती आधी खोडून काढायची, मी भांडायचे. पुढे ती नुसती उठून ताटं मांडायला जायची. मला त्याचाही राग येतो. इतिहास शिकवणाऱ्या बाईचा इतिहास तिच्या तोंडावर खोटा लिहिला आणि वर टाळ्या घेतल्या.

गेल्या शुक्रवारी मंडळानं शोकसभा ठेवली. प्रकाशराव घर आवरायला परत आले होते, सोबत पुण्याला शिकणारी त्यांची मुलगी इरा. फुलं घातलेला फोटो कोटावरच्या सायकलचाच होता, पण कापलेला. सायकल गेली, कोट गेला, हसरा चेहरा तेवढा ठेवला. जयंतराव बोलायला उठले आणि त्यांनी तोच किस्सा काढला. किती भोळ्या होत्या सुनंदाताई, एवढ्याशा रस्त्यात हरवल्या. लोक डोळे पुसत पुसत हसले. माझ्या शेजारी बसलेली इरा हळूच म्हणाली, "मम्मी वॉज ऑलवेज सो लॉस्ट ना, आंटी?"

त्या एका वाक्यानं माझा तोल गेला. मी उभी राहिले आणि सभेत म्हणाले, "जयंतराव, ती हरवली नव्हती. तुमच्यासमोर सांगून गेली होती. हे यापुढे माझ्यासमोर बोलायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते."   नंतर कुणीतरी मला ही वेळ नव्हती असं सुनावलं. मग कुठली होती?

इराला मी घरी घेऊन आले. बाकावरच्या म्हातारीपर्यंत सगळं सांगितलं.  जाताना मी डबीत मनुका भरून तिच्या हातात दिली. आईची वस्तू, तिच्याकडेच जायला हवी.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर, त्या कापलेल्या फोटोखाली, इरानं पूर्ण फोटो टाकला. सायकलसकट. खाली तोडक्यामोडक्या मराठीत लिहिलं होतं, 'माझी आई हरवली नाही. ती सांगून गेली.' जयंतरावांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. 

विमानतळावर जाण्याआधी ती टॅक्सी खाली उभी करून धावत वर आली आणि डबी माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुमच्याकडेच राहू दे, आंटी. घर तर पॅक झालंय, किचनमध्ये एवढंच होतं." मी झाकण उघडलं. आत साखर होती.

डबी ओट्यावर आहे. साखर मी अजून काढलेली नाही.